गूळ-सालींच्या पाण्याने नदी शुद्ध होत नाही

‘१ भाग गूळ, ३ भाग लिंबू-संत्र्याच्या साली, १० भाग पाणी, तीन महिने आंबवा. असं १ लिटर बायोएन्झाइम नाल्यात ओता, १,००० लिटर पाणी शुद्ध होईल. मग नगरपालिकेने कोट्यवधींचा सांडपाणी प्रकल्प बांधायचाच कशाला?’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. पाठवणाऱ्यांची नदीबद्दलची कळकळ खरी आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ‘१ लिटरला १,००० लिटर’. गाव ५० हजार वस्तीचं धरा. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के गटारात, म्हणजे रोज ५४ लाख लिटर मैलापाणी. त्याला रोज ५,४०० लिटर एन्झाइम लागेल. त्यासाठी सुमारे ५४० किलो गूळ आणि दीड टनाहून जास्त साली, त्याही रोज. शिवाय तीन महिने आंबवायचं म्हणजे ४ लाख ८६ हजार लिटर मावतील एवढ्या टाक्या.

आणि एवढं सगळं जमवलं तरी नदीचं नुकसानच होईल. नदी मरते ती पाण्यातला ऑक्सिजन संपल्यामुळे. स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. जिवाणू घाण खाताना तो वापरून टाकतात आणि ही गरज बीओडी (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी) या आकड्याने मोजतात. अंघोळीच्या नदीत बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर नको, कच्च्या मैलापाण्यात तो २०० च्या आसपास असतो. आता गूळ म्हणजे साखर, आणि आंबल्यावर तिचं बरंचसं ॲसिटिक आम्ल होतं. दोन्ही जिवाणूंचं आवडतं खाद्य. मेसेजमधल्याच प्रमाणात ओतलं, तर ढोबळ हिशेबाने एकट्या गुळामुळे लिटरमागे ४०-५० मिलिग्रॅम ऑक्सिजनची नवी गरज तयार होते. घाण कमी करायला निघालो आणि घाणच वाढवली. हे द्रावण आंबट असतं, त्याला लिंबाचा वास असतो, म्हणून घरची लादी पुसायला जरूर वापरा. नदीत नको.

‘व्हिडिओत बाटलीतलं पाणी डोळ्यांदेखत नितळ झालं’ असंही म्हणतात. शेजारी त्याच नाल्याच्या पाण्याची दुसरी बाटली ठेवा, काहीही न टाकता. गाळ तिच्यातही तळाला बसेल. आणि नितळ पाणी निर्धोक नसतं. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत हेपेटायटिस ‘ई’ची साथ आली, हजारो लोकांना कावीळ झाली. पाण्यातला तो विषाणू ना डोळ्यांना दिसतो, ना वासाने कळतो.

‘प्रकल्पात नुसती केमिकलं ओततात.’ तसं नाही. जाळीत कचरा आणि नंतर वाळू अडवली की मुख्य काम जिवाणूच करतात, आणि ते मैल्यातूनच आलेले असतात. ब्लोअर त्यांना खालून हवा पुरवतो, एवढाच फरक. क्लोरीन येतं ते शेवटी. ही हवा जिथे सोडतात त्या एअरेशन टाकीतलं तपकिरी पाणी ऑपरेटर १ लिटरच्या मोजपात्रात भरून अर्धा तास ठेवतो. गाळ ३०० मिलीच्या खुणेपर्यंत घट्ट बसला आणि वर स्वच्छ पाणी उरलं, की जिवाणू धडधाकट आहेत. गाळ फुगून वर तरंगला, की काहीतरी बिघडलं. रोज कोणीतरी तिथे उभं राहून हे पाहावं लागतं. नदी त्या माणसाच्या भरवशावर असते.

‘प्रकल्प बंदच पडलेले असतात’, ही तक्रार मात्र रास्त आहे आणि तिचा मला मनापासून राग येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, प्रक्रिया होते जेमतेम २० हजारांवर. कुठे प्रकल्प आहे पण घरांची गटारं जोडलेलीच नाहीत, कुठे वीजबिलापायी ब्लोअर बंद. हवा थांबली की काही तासांत टाकीतले जिवाणू गुदमरतात आणि पाणी तसंच नदीत जातं.

तेव्हा गुळाची पिंपं नाल्यावर न्यायच्या आधी नगरपालिकेत जा आणि विचारा: किती घरं गटाराला जोडली? वीज गेली तर ब्लोअर जनरेटरवर चालतो का? बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गेल्या महिन्यातला बीओडी किती होता? उत्तरं लेखी मागा.