पाय हलले म्हणून ब्लॉकिंग?

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही शाळांच्या बास्केटबॉल मॅचला उभं रहा, कडेनं तीच बोंब: "पाय हलले की त्याचे! ब्लॉकिंग!" म्हणजे धडकेचा फाउल बचाव करणाऱ्यावर. अहो, कुठल्या नियमात लिहिलंय हे? बचाव करणाऱ्यानं समोर तोंड करून दोन्ही पाय टेकले की पुढं तो मागं सरकू शकतो, बाजूला सरकू शकतो, आपल्या जागेत सरळ वर उडी मारू शकतो. धडक छातीवर बसली तर चार्जिंगच, म्हणजे फाउल चेंडूवाल्यावर. बघायचं एवढंच, की चेंडूवाल्याचे पाय जमिनीवरून सुटायच्या आधी हा तिथं आला होता का? नंतर आडवा घुसला, तर मात्र ब्लॉकिंग.

आणि पंचांनी तरी चेंडूकडं काय बघत बसायचं? ड्राइव्हच्या वेळी, म्हणजे चेंडूवाला बास्केटकडं घुसतो तेव्हा, नजर बचाव करणाऱ्याच्या छातीवर आणि पायांवर हवी. चेंडूमागं गेलेली नजर धडकेनंतर पोचते, मग जो जोरात पडला त्याच्या बाजूनं शिट्टी वाजते.

बास्केटखालच्या १.२५ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाचं तर विचारूच नका. त्यात पाय असलेल्याला हवेतून शॉट मारणारा धडकला तर चार्जिंग नाही. पण सिमेंटच्या कोर्टवर ती रेषच रंगवलेली नसते. डबाभर रंग लागतो हो त्याला!