विमानाचं तिकीट महागलं, त्यात केबिन साफ करणाऱ्या पोराचा काय दोष?

आज सांगलीत विश्रामबागेत क्रूझला निघणाऱ्या एका ग्रुपची मीटिंग होती. पासपोर्ट, फॉरेक्स कार्ड, बॅगेचं वजन, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मग मार्केट यार्डात हळदीची पेढी असलेले एक गृहस्थ उठले. पहिला प्रश्न, जहाजावर जैन जेवण रोज मिळणार ना? कांदा, लसूण, बटाटा काही चालणार नाही. मिळेल, असं उत्तर आलं. बसता बसता त्यांनी सगळ्यांना सल्ला दिला, "आणि ती रोजची टीप लावत्यात न्हवं, पयल्याच दिवशी काउंटरला जायाचं आन् काढून टाकायची. तिकीटच एवढं झालंय, टीप कुठनं द्यायची?"

हॉलमध्ये माना डोलल्या. काहींनी मोबाईलमध्ये लिहूनही घेतलं. मला ते बघवलं नाही, म्हणून लिहितोय.

आधी ही टीप म्हणजे काय ते समजून घ्या. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचा दर साध्या केबिनला माणशी दिवसाला 18.50 डॉलर, सूटला, म्हणजे मोठ्या आलिशान खोलीला 21. नॉर्वेजियनचा साध्या केबिनला 20. हा आकडा रोज तुमच्या खोलीच्या खात्यात आपोआप पडतो. सात रात्रींचे जोडप्याचे 259 डॉलर. डॉलर नव्वदच्या घरात धरला तर तेवीस हजारांच्या वर. रक्कम लहान नाही, मान्य आहे. पण ती कॅप्टनला जात नाही, इंजिनवाल्यांना जात नाही. केबिन आवरणारा, टेबलावरचा वेटर, त्याचा मदतनीस, हेड वेटर आणि मागे भांडी, कपडे, स्वयंपाकघर सांभाळणारे यांच्यात ती वाटली जाते. बऱ्याच कंपन्यांत त्यांचा मूळ पगार तुटपुंजा ठेवलेला असतो आणि खरी कमाई याच पैशातून होते. गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर पाच मिनिटांत ती काढून मिळते, ही गोष्ट खरी. पण काढली की कुणाच्या ताटातलं जातं, हे त्या पाच मिनिटांत कुणी सांगत नाही.

आता त्या जैन जेवणाकडे या. बुफेवर 'व्हेज' लिहिलेल्या भाज्यांची ग्रेव्ही बहुतेक कांदा-लसणाच्या एकाच वाटणातून निघते, त्यामुळे जैन माणसाला ती चालत नाही. म्हणून पहिल्या रात्री डायनिंग रूममध्ये हेड वेटरला सांगावं लागतं. तो लिहून घेतो आणि रोज रात्री उद्याचं विचारायला टेबलाशी येतो. मग स्वयंपाकघरात तुमची डाळ वेगळ्या भांड्यात शिजते, फोडणीला फक्त जिरं आणि हिंग, भाजीतून बटाटा-गाजर बाद, झारा आणि कढई वेगळी. शेकडो ताटांच्या गर्दीत ती चार ताटं चुकू नयेत म्हणून तो माणूस स्वतः स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहतो. छापील मेन्यूत नसलेली ही सेवा आपली माणसं हक्कानं मागतात, ती मिळतेही, आणि त्याच हेड वेटरचा वाटा पहिल्या दिवशी काउंटरवर कापून टाकायचा? एका दमात दोन्ही मागण्या करताना जीभ अडखळायला हवी होती.

केबिनवाल्याचं बघा. आपल्याकडची कुटुंबं खर्च वाचवायला चौघं एका केबिनमध्ये राहतात. त्यात चूक काहीच नाही. पण मग छतातून उतरणारे वरचे दोन पलंग रात्री उघडायचे आणि सकाळी बंद करायचे, चार जणांचे टॉवेल, चार जणांचं बाथरूम. असे पंधरा-वीस केबिन एका माणसाकडे. बदलीच्या दिवशी तर विचारू नका. जुने प्रवासी साडेनऊ-दहापर्यंत उतरतात आणि दुपारी एकच्या सुमारास नवे दारात उभे. मधल्या वेळात सगळ्या चादरी, अभ्रे, बाथरूम, मोरीतले केस, सगळं. जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ आली की दाराच्या मुठीपासून जिन्याच्या कठड्यापर्यंत सगळं पुन्हा पुन्हा पुसायचं तेही यांनीच. सागरी कामगारांच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय करारात कामाची कमाल मर्यादा आठवड्याला 72 तास आहे. पुन्हा वाचा, बहात्तर. नोकरीचा करार सहा ते नऊ महिन्यांचा आणि त्यात पूर्ण सुट्टीचा वार नाही. झोपायला पाण्याच्या पातळीजवळ किंवा त्याखाली दोघांत एक बिनखिडकीची खोली.

महागाई झाली हे मी नाकारत नाही. विमानभाडं वाढलं, रुपया घसरला, युरोपचा शेंगेन व्हिसा जून 2024 पासून 80 युरोचा 90 झाला. त्यात टीसीएस, म्हणजे परदेश सहलीवर आगाऊ घेतला जाणारा कर, कापला की तोंड कडू होतं, पण तो रिटर्न भरताना वळता होतो, त्याला खर्चात धरू नका. आणि हो, टीपही वाढली आहे. रॉयल कॅरिबियनचा दर 2018 मध्ये 14.50 होता. वर काही मोठ्या कंपन्यांनी साध्या केबिनची सफाई दिवसातून दोनदाची एकदा केली. पैसे जास्त आणि सेवा कमी, ही तक्रार रास्त आहे. पण तो निर्णय त्या पोरानं घेतला का?

यार्डात पेढी असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं. ट्रकचं भाडं वाढलं, डिझेल वाढलं, म्हणून हळदीच्या पोत्यामागची हमाली कुणी कापतं का? कापून बघावी. 1969 चा माथाडी कायदा उगाच नाही आला. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, माथाडी मंडळाकडे भरायची, त्यातून हमालाची रजा, बोनस, फंड निघतो. ज्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना उभं केलं ते इथून जवळच्याच, पाटण तालुक्यातले. आपल्या भागाला हे शिकवायची वेळ येऊ नये. जहाजावरच्या पोराला ना मंडळ, ना लेव्ही. त्याची लेव्ही म्हणजे तुमचे ते 18.50 डॉलर.

पैसे वाचवायचे तर जागा भरपूर आहेत. बाल्कनीऐवजी आतली केबिन घ्या, फरकात टीप निघून वर उरते. तिथं दिवसभर बसतं कोण? दारू पीत नसाल तर ड्रिंक्स पॅकेज अजिबात घेऊ नका; चहा, साधी कॉफी, पाणी, लिंबू सरबत तसंही बुफेवर सहसा फुकट असतं. घेतलंत तर एक लक्षात ठेवा, पेयाच्या बिलात 18 ते 20 टक्के सेवाशुल्क आधीच असतं, खाली 'जादा टीप' ही ओळ रिकामी दिसते ती रिकामीच राहू द्या. वाय-फाय चौघांचं न घेता एकाच फोनवर घ्या. बंदरावरच्या सहली जहाजाकडून न घेता जिथं गाव चालत फिरता येतं तिथं चालत फिरा, फक्त जहाज सुटायच्या वेळेआधी तासभर परत या, कारण स्वतःच्या स्वतः गेलेल्या माणसासाठी जहाज थांबत नाही.

खरा राग कंपन्यांवर आहे. पगार द्यायची जबाबदारी प्रवाशाच्या चांगुलपणावर ढकलायची आणि जाहिरातीत तिकीट स्वस्त दाखवायचं, हा धंदा बरा नव्हे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसनं 2019 मध्ये रोजचा सर्व्हिस चार्ज बंद केला, म्हणजे करता येतं. आपल्याकडचे काही बुकिंगवालेही कमी नाहीत. कोटेशनच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'ग्रॅच्युइटी वगळून', म्हणजे टीप वगळून, लिहितात, आणि मग माणूस जहाजावर पहिल्यांदा आकडा बघतो आणि भडकतो. त्या पेढीवाल्यांनाही कदाचित कुणी आधी सांगितलं नसेल. अनेकांची आयुष्यातली ही एकच परदेशवारी असते, त्यासाठी वर्षानुवर्षं पैसे साठवलेले असतात, हे मला दिसतं. म्हणून त्यांच्यावर ओरडावंसं वाटत नाही. सांगावंसं वाटतं.

तर असं करा. बुकिंग करतानाच टीप आगाऊ भरा आणि पावतीवर 'प्रीपेड ग्रॅच्युइटी' अशी वेगळी ओळ मागून घ्या. मध्ये दर वाढला तर आधी भरणाऱ्यांना सहसा जुनाच लागतो. दुसरा फायदा फॉरेक्स कार्डाचा: जहाजावर रोज पडणाऱ्या खर्चासाठी कार्डावर रक्कम अडकवली जाते आणि उतरल्यावरही ती सुटायला काही दिवस लागतात. टीप आधीच भरली असेल तर तेवढी रक्कम अडकत नाही. चढल्यावर दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये खातं तपासा. आगाऊ भरूनही रोजची टीप पुन्हा लागणं हा घोळ होतो. पावती घेऊन काउंटरला जा, काढून देतात. शेवटच्या रात्री जाऊ नका, तिथं लांबच लांब रांग असते.

कुणी खरंच वाईट वागलं तर आधी हेड वेटरला किंवा हाऊसकीपिंगला सांगा, त्याच दिवशी. सुधारलं नाही तर कमी करा, तो तुमचा हक्क आहे. पण अख्खी टीप काढून "मी हातात रोख देईन" म्हणू नका. काही कंपन्यांत टीप काढलेल्या खोलीची रोख रक्कम कर्मचाऱ्याला सामायिक खात्यात जमा करावीच लागते. आणि धुणं धुणारा, भांडी घासणारा तुम्हाला भेटणारच नाही, त्याला हातात देणार कसं?

वरून काही द्यायचं असेल तर पाच-दहा डॉलरच्या सुट्या नोटा इथूनच घेऊन जा आणि शेवटच्या संध्याकाळी द्या. रुपये देऊ नका, फिलिपिन्सच्या किंवा इंडोनेशियाच्या पोराला ते कुठं वटवता येणार? आणि परत आल्यावर कंपनीचा सर्व्हे ईमेलवर येतो, त्यात त्याचं नाव अचूक स्पेलिंगनं लिहा. पुढच्या करारात आणि बढतीत ते बघितलं जातं. नाव त्याच्या छातीवरच्या पट्टीवर असतं, पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवा.