ज्यांच्या दारावरून मिरवणूक जाते, त्यांनी घर सोडून का जायचं?

सकाळी आत्याचा फोन आला. "या वर्षी अनंत चतुर्दशीला येऊ नकोस गं. मी आदल्या दिवशीच कुलूप लावून लेकीकडे जातेय. सगळं आटोपलं की येईन परत." एवढं बोलून ती दुसऱ्याच विषयावर गेली, कोणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनवर. ना कुरकुर, ना तक्रार. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या घरात जिचं अख्खं आयुष्य गेलं, ती बाई विसर्जनाच्या दिवशी स्वतःच्या घरातून निघून जाते आणि तिला त्यात काही सांगण्यासारखंही वाटत नाही. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

मी घरच्या ग्रुपवर हे टाकलं तर एका भावाचं उत्तर आलं, "वर्षातून एक दिवस तर असतो. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" त्याला जे लिहिलं होतं ते पुसलं. नात्यात वाद नको. इथे लिहिते.

एक दिवस? सकाळी मंडईत टिळकांच्या पुतळ्यापाशी सुरुवात होते आणि शेवटचं मंडळ अलका टॉकीजच्या चौकातून बाहेर पडतं ते दुसऱ्या दिवशी दुपारी किंवा त्याच्याही नंतर. अलीकडे तीस तासांच्या आगेमागे चालते मिरवणूक. म्हणजे एक रात्र पूर्ण आणि दोन दिवसांचे मोठे तुकडे. ते खिडक्यांना काचा असलेल्या, भिंती जुन्या असलेल्या, माणसं म्हातारी असलेल्या घरात काढून दाखवा आणि मग म्हणा एक दिवस तर असतो.

आत्याचं घर विजय टॉकीजच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. रस्त्यावर लाकडी गॅलरी. लहानपणी आम्ही सगळी भावंडं आदल्या रात्रीच मुक्कामाला जायचो. कठड्याच्या फळीला कुसळं होती म्हणून आत्या तिच्यावर जुनं लुगडं घडी करून टाकायची आणि आम्हाला उंचीप्रमाणे उभं करायची. आधी लांबून नगारा ऐकू यायचा. मग पालखीत कसबा गणपती. तो दिसला की आत्या चप्पल काढायची, घरातल्या घरात, गॅलरीत. मग तांबडी जोगेश्वरी, तीही पालखीतच. गुरुजी तालमीचा आला की गुलाल, मोठी माणसं आम्हाला आत ओढायची आणि आम्ही परत बाहेर पळायचो. तुळशीबागेचा उंच देखणा गणपती गॅलरीच्या जवळजवळ समोर यायचा, इतका की सोंडेवरचं नक्षीकाम दिसायचं. शेवटी केसरीवाडा. हे मानाचे पाच गणपती गेले की आत्या म्हणायची, "चला, आता दोन घास खाऊन घ्या." खाऊन परत गॅलरीत. मग लेझीम, मल्लखांबाचे गाडे, पितळी वाद्यांचे बँड, शाळांची पथकं. रात्री रोषणाईचे रथ. झोप यायची, पण कोणी झोपायचं नाही.

कोण म्हणेल, हे लहानपणच्या आठवणींचं कौतुक आहे. असेल थोडं. पण तेव्हा त्या गॅलरीत ऐंशीच्या पुढची आजीही बसलेली असायची आणि मांडीवर वर्षाचं पोर. दोघांनाही तिथे बसवत होतं. आज त्या दोघांना तिथे बसवणं हा गुन्हा ठरेल. मला एवढंच मोजमाप पुरेसं आहे.

पुढे कॉलेजात असताना मी स्वतः पथकात ढोल वाजवला. त्यामुळे मला कोणी "तुम्हाला उत्सवच नको" असं सांगायला येऊ नका. कंबरेला दोरीने बांधलेला ढोल किती जड असतो, संध्याकाळपर्यंत मांड्यांवर काय वळ उठतात, टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, धरून हाताला फोड आले की त्यावर चिकटपट्टी गुंडाळून परत पहिला हात, म्हणजे पहिला ताल, कसा धरायचा, हे सगळं मी केलंय. आणि मुलींना विचारा, त्या दिवशी सगळ्यात मोठा प्रश्न कोणता असतो. संडास. तासन् तास रस्त्यावर, गर्दी एवढी की बाजूला होता येत नाही. तेव्हा आमच्या पथकातल्या मुली पाळीपाळीने आत्याच्या घरी वर जायच्या. जिना अरुंद, मुली घामाने आणि गुलालाने माखलेल्या. त्या दारात चप्पल काढायला लागल्या की आत्या आतून ओरडायची, "चपला घालूनच या गं, लादी काय, पुसता येते." जिन्याच्या तोंडाशी पाण्याचं पिंप भरून ठेवलेलं. शेजारी लिमलेटच्या गोळ्यांचा डबा. तिने कोणाला नाव विचारलं नाही, पथक कोणतं ते विचारलं नाही.

हे फक्त आत्या करायची असं नाही. त्या रस्त्यावरच्या कितीतरी घरांतून हेच चालायचं. कोणी चहाची किटली खाली पाठवायचं, कोणी चक्कर आलेल्या पोराला आत आणून पंख्याखाली झोपवायचं, चुकलेलं मूल सापडलं तर कोणी गॅलरीतून हाका मारायचं. मंडप, परवाने, बंदोबस्त हे सगळं असतंच, पण मिरवणूक उभी राहायची ती या घरांच्या जोरावर. आता त्या घरांना कुलपं लागतायत. आत्याच्याच इमारतीत त्या दिवशी दिवा लागतो अशी फार घरं उरली नाहीत. खाली गर्दी वाढतेय, वर अंधार वाढतोय, आणि आपण गर्दीकडे बघून म्हणतोय की उत्सव मोठा झाला.

मोठा नाही झाला. नुसता आवाज मोठा झालाय.

गेल्या वर्षी मी गेले होते. आत्या घरात होती, पण गॅलरीत नव्हती. मागच्या स्वयंपाकघरात, कानात कापूस घालून, भिंतीला पाठ न लावता बसली होती, कारण भिंतीला पाठ लावली की छातीत धडधडतं म्हणाली. खाली एक मंडळ थांबलेलं. नाव घेत नाही. स्पीकरची अख्खी भिंत गाडीवर, मूर्ती मागे कुठेतरी, दिसतही नव्हती. फडताळातल्या लोणच्याच्या काचेच्या बरण्या एकमेकींवर आपटून वाजत होत्या. आत्या उठली, दोन बरण्यांच्या मधे पंचा खोचला, तिसरीच्या बाजूला हातपुसणं खोचलं, आणि परत येऊन बसली. मला म्हणाली, "दर वर्षी करावं लागतं." तुम्हाला सांगते, ती ज्या सवयीच्या हाताने ते करत होती ना, ते बघून मला रडू आलं.

केंद्र सरकारचे २००० सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं लक्ष्मी रस्त्यावर उभी राहून आवाज मोजतात, आकडे शंभरीच्या आगेमागे येतात. डेसिबलचा हिशोब असा की दहा वाढले की ध्वनीची ताकद दहापट होते. म्हणजे ५५ आणि १०० यांच्यात दुप्पट-तिप्पट नाही, तीस हजार पटींहून जास्त फरक आहे. आणि यातला खालचा जाड आवाज, तो ठोका, खिडकी लावून थांबत नाही. तो भिंतीतून येतो. म्हणून बरण्या वाजतात. म्हणून आत्या भिंतीला टेकत नाही.

आणि हे रात्री बाराचं काय प्रकरण आहे? नियमाने रात्री दहानंतर आवाज बंद. राज्य सरकारला वर्षातले काही मोजके दिवस, जास्तीत जास्त १५, बारापर्यंत सूट देता येते, तशी ती विसर्जनाला मिळते. बाराला पोलीस साउंड सिस्टीम बंद करायला लावतात. मग मंडळांनी काय करावं? बाप्पाला घेऊन शांतपणे पुढे जावं, टाळ्या वाजवत जावं, आरती म्हणत जावं. नाही. गाडे जागच्या जागी उभे. कारण चौकातून जायचं तर दणदणाटातच जायचं. सकाळी सहा वाजले की परत सुरू. सहा तास देव रस्त्यावर उभा, मागची सगळी रांग उभी, पोलीस उभे, आणि मग वर्तमानपत्रात येतं मिरवणूक इतके तास लांबली. लांबली नाही, लांबवली. ज्या मूर्तीपुढे दहा दिवस हात जोडले तिला रात्रभर ताटकळत ठेवताना कोणाला काहीच वाटत नाही? मला हा देवाचा अपमान वाटतो, दुसरा शब्द नाही.

ढोलपथकंही अगदी धुतल्या तांदळासारखी आहेत असं मी म्हणणार नाही. एकेका चौकात किती वेळ वाजवायचं याला आमच्याही वेळी धरबंध नव्हता. २०२४ मध्ये हरित लवादाने पथकात तीसच जण असावेत असं म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, तेव्हा मी आनंदाने उडी मारली होती. तरी पण तीनशे ढोल घेऊन एका जागी अर्धा तास उभं राहायचं नसतं, हेही खरं.

आणि हो, वर्षभर राबणाऱ्या पोरांना एक रात्र नाचावंसं वाटतं, तेही मान्य. नाचा ना. आम्हीही नाचलो. पण नाचायला छाती फाडणारा ठोका आणि डोळ्यात मारलेला लेझर कशाला लागतो? त्या लेझरने लोकांच्या डोळ्यांना इजा झाल्या, पोलिसांना बंदी घालावी लागली. डोळे जाईपर्यंत वाट बघावी लागते का आपल्याला प्रत्येक गोष्टीत?

आता कोणीतरी येऊन म्हणेल, दुसऱ्यांच्या सणांबद्दल बोला की. बोलू. कोणाचाही कर्कश आवाज कोणाच्याही घरात शिरू नये. पण माझ्या आत्याच्या गॅलरीखालून माझा गणपती जातो. माझ्या घरच्याबद्दल मी आधी बोलणार.

मला शांतता नकोय, हे नीट समजून घ्या. २०२० आणि २०२१ ला मिरवणूक निघाली नाही, मानाच्या गणपतींचं विसर्जन मंडपातच झालं. तेव्हा कितीतरी लोकांनी लिहिलं की असाच उत्सव असावा. मला ते पटलं नाही. आत्या त्या दिवशी कसब्याच्या वेळेला नेहमीसारखी गॅलरीत जाऊन उभी राहिली होती, चप्पल काढून. रस्ता रिकामा. तिने मला फोन करून सांगितलं आणि पुढे तिला बोलवेना. तिला मिरवणूक हवी आहे हो. तिच्याइतकी ती कोणालाच हवी नसेल. आणि आपण तिलाच घालवून दिलं.

एवढी मोठी मिरवणूक आणि उघडी घरं एकत्र अशक्य आहेत असं मला कोणी सांगू नका, कारण याच रस्त्यावर, याच गॅलरीखालून दर वर्षी आषाढी वारीच्या वेळी माउलींची आणि तुकोबांची पालखी जाते. माउलींच्या रथापुढेच २७ दिंड्या, मागे आणखी कितीतरी. माणसांचा महापूर असतो. टाळ, मृदंग, वीणा, गळे. आवाज कमी नसतो बरं का. पण त्यात आत्या कुलूप लावत नाही, दार सताड उघडं टाकते. वारकरी बाया जिना चढून येतात, पाय धुतात, दोन मिनिटं टेकतात, आत्याच्या पाया पडतात आणि आत्या त्यांच्या. कबूल, वारीची शिस्त शतकांची आहे, मंडळांची तशी नाही. पण शहर तेच, रस्ता तोच, घर तेच.

२०२५ मध्ये सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हणून जाहीर केलं. चांगलं केलं. आता राज्याचा उत्सव आहे तर राज्यातल्या म्हाताऱ्या माणसाला तो स्वतःच्या घरातून बघता आला पाहिजे, ही अपेक्षा जास्त आहे का? मोठमोठे फ्लेक्स लावणारे सगळे पक्षांचे लोक त्या गाड्यांवर उभे राहून हात हलवतात. एकानेही वर मान करून बघितलं नाही की गॅलऱ्या रिकाम्या का आहेत.

माझ्या इथल्या यादीत मंडळांचे कार्यकर्ते आहेत, मला माहीत आहे. तुम्ही वाईट नाही. करोनात तुम्हीच डबे पोचवले, रक्तदान शिबिरं तुम्हीच घेता, आत्याला लस द्यायला तुमच्यातलाच एक जण रिक्षातून घेऊन गेला होता. म्हणून तर तुमच्यावर चिडायचा मला हक्क वाटतो. यंदाच्या सिस्टीमची सुपारी देऊन झाली असेल, आता ती परत घेता येणार नाही असंच तुम्ही सांगाल. ठीक. पण रात्री बारा वाजता गाडा उभा ठेवायचा की आरती म्हणत पुढे न्यायचा, हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे, त्याला एक रुपया लागत नाही. तेवढं या वर्षी करा. पुढच्या वर्षी सुपारी द्यायच्या आधी लक्ष्मी रस्त्यावरच्या जिन्यांवर चढा, वर्गणीला चढता तसेच, आणि जी घरं अजून उघडी आहेत त्यांना विचारा की काय आणू. बँड आणा, नगारा आणा, ढोल आणा. ती माणसं नाही म्हणणार नाहीत.

चतुर्दशीच्या आधी तुमच्या मंडळांची बैठक होईलच. त्यात बाराचा विषय कोण काढणार आहे, ते मला कळवा. इथे अंगठे देऊ नका, फोन करा. बरोबर यायला सांगितलंत तर मी येते.