बारा बाय चौदाचा पब आणि आपल्याकडची परमिट रूम

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेचा तो अपघात झाला, दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि तेव्हापासून आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे सुरू झालंय ते अजून अधूनमधून उकरून निघतंच. एक गट म्हणतो पब सरसकट बंद करा, ही आपली संस्कृती नाही. दुसरा म्हणतो मग देशी दारूची दुकानं दिसत नाहीत का तुम्हाला, तिथे गरीब मरतो म्हणून चालतं होय. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हाही हीच जुगलबंदी होती, 'महाराष्ट्र की मद्यराष्ट्र' विरुद्ध 'वाइन म्हणजे दारू नव्हे'. आणि दर वेळी कोणीतरी मला टॅग करतंच, तू तर पबवाल्यांच्या देशात राहतोस, तू बोल.

तर बोलतो, पण पुण्याच्या त्या रूफटॉप पबबद्दल नाही, कारण माझ्या आसपास तसलं काही नाहीच. मी केंटमध्ये राहतो, इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, आणि हा भाग मायक्रोपबचं माहेर आहे. हर्न नावाच्या गावात मार्टिन हिलियर नावाच्या माणसाने २००५ मध्ये एका बंद पडलेल्या खाटकाच्या दुकानात 'बुचर्स आर्म्स' नावाचा पब काढला. खोली साधारण बारा बाय चौदा फुटांची, म्हणजे आपल्याकडच्या वन बीएचकेचा हॉल. टीव्ही नाही, म्युझिक नाही, जुगाराचं मशीन नाही, लागर (आपल्याकडची नेहमीची थंडगार बिअर) नाही. पिंपातली एल, म्हणजे जुन्या पद्धतीची इंग्लिश बिअर, आणि गप्पा, बास. चार वर्षांनी त्याने ही आयडिया रिअल एलवाल्यांच्या, म्हणजे ह्या पिंपातल्या बिअरच्या चाहत्यांच्या, अधिवेशनात सांगितली आणि मग हार्टलपूलच्या रेल्वे स्टेशनात एक, रॅम्सगेटमध्ये एक, डील नावाच्या गावात एक, असं करत देशभर शेकडो झाले. कुठे जुनं सलून, कुठे फुलवाल्याचं दुकान.

आता लोकांना वाटतं हे सगळं नॉस्टॅल्जियाचं प्रकरण आहे, जुनं ते सोनं वगैरे. मला तसं वाटत नाही. ह्या पबचा छोटेपणा आधी बिअरमधून येतो आणि मग कायद्यातून, भावना बिवना नंतर.

बिअरचं सांगतो. रिअल एल म्हणजे जी पिंपात भरल्यावरही जिवंत असते, यीस्ट आत काम करतच असतं, आणि बाहेरून गॅस मारून ती वर ढकलत नाहीत. पिंप येतं ९ गॅलनचं, त्याला फर्किन म्हणतात, त्यात ७२ पाइंट. आमच्या इथला मालक ते मागच्या थंड खोलीत आडवं ठेवतो, वरच्या भोकात एक मऊ लाकडाची खुंटी ठोकतो आणि तिच्यातून जास्तीचा गॅस बारीक फेस होऊन फसफसत बाहेर येतो, तो फेस फडक्याने पुसत राहायचा, शांत झाला की त्या जागी घट्ट लाकडाची खुंटी मारायची. मग गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं, पिंपाला धक्कासुद्धा लावायचा नाही. नळ ठोकायचा तो लाकडी हातोड्याच्या एका दणक्यात, दुसऱ्या दणक्याला निम्मी बिअर अंगावर. आणि एकदा नळ लागला की जितकी बिअर बाहेर जाईल तितकी हवा आत येणार, म्हणजे तीनेक दिवसांत ती खपली पाहिजे नाहीतर आंबली. म्हणून बाराशे स्क्वेअर फूट आणि वीस ब्रँड असला प्रकार इथे चालूच शकत नाही. दोन-तीन पिंपं, ती संपली की पाटीवरून नाव पुसायचं आणि दुसरं लिहायचं. थंडपणा म्हणाल तर साधारण १२ अंश, त्यामुळे आपल्याकडून आलेला प्रत्येक पाहुणा पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो, गरम आहे म्हणतो. गरम नाही, चव लागावी इतपत थंड आहे. (शाकाहारी मंडळींना एक सूचना, ही बिअर निवळायला परंपरेने माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. नाशिकच्या आमच्या एका मित्राला हे तिसऱ्या पाइंटनंतर कळलं आणि तेव्हापासून तो आधी गढूळ बिअर आहे का विचारतो.)

ही बिअर वाचली तीसुद्धा भांडून. मोठ्या ब्रूअऱ्या सगळीकडे गॅसवाली केग बिअर रेटत होत्या तेव्हा १९७१ मध्ये काही गिऱ्हाइकांनी मिळून कॅम्रा नावाची संघटना काढली. आपल्याकडे दारूच्या प्रश्नावर गिऱ्हाइकाची संघटना ही कल्पनाच कोणाला सुचणार नाही. आपल्याकडे पिणारा एकतर लपतो नाहीतर मिरवतो.

आता कायदा. २००३ चा लायसेन्सिंग ॲक्ट २००५ च्या नोव्हेंबरमध्ये लागू झाला. त्याआधी लायसन्स मॅजिस्ट्रेट द्यायचे आणि गावातले आधीचे पबवाले उभे राहून सांगू शकायचे की इथे आणखी पबची गरजच नाही. साहजिकच छोट्या माणसाला वाव नाही. नवीन कायद्यात हे काम कौन्सिलकडे आलं आणि 'गरज नाही' हा आक्षेपच बाद झाला. आता अर्ज करणाऱ्याने दुकानाच्या काचेवर फिकट निळ्या कागदावर नोटीस लावायची, २८ दिवस, आणि शेजाऱ्यांना हरकत घ्यायची तर चारच मुद्द्यांवर: गुन्हे आणि गोंधळ, सुरक्षितता, शेजाऱ्यांना उपद्रव, मुलांना धोका. दारू वाईट आहे हा मुद्दा नाही आणि माझा धंदा बुडेल हाही नाही. शिवाय १२ हजार पौंडांपर्यंतच्या वार्षिक भाडेमूल्याच्या एकुलत्या एक जागेला तो स्थानिक कर, बिझनेस रेट्स, पूर्ण माफ. ऑनलाइन खरेदीने हाय स्ट्रीट, म्हणजे गावातले बाजाररस्ते, ओसाड पडलेलेच होते, गाळे स्वस्त होते. म्हातारपणाची पुंजी घालून एक माणूस किंवा नवरा-बायको पब काढू शकतात, आणि नोकर नाही, किचन नाही, टीव्हीवरच्या मॅचचे पैसे भरायचे नाहीत, गाण्यांचं लायसन्स नाही. शांतता हे तत्त्व आहेच पण ती स्वस्तही आहे हो.

आपल्याकडे नेमकं उलटं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या पोटातूनच सगळी परवाना पद्धत निघालीय, कागदावर पिणाऱ्यालाही परमिट लागतं, जे बहुतेकांनी आयुष्यात काढलेलं नसतं. शहरात परमिट रूमची वर्षाची फीच लाखांत, वर हप्ते वेगळे, ते लिहायला नको. एवढा पैसा ज्याला वसूल करायचाय तो गिऱ्हाइकाला एका बिअरवर दोन तास बसू देणार का? तो एकतर अंधार करून क्वार्टरवर क्वार्टर खपवणार, नाहीतर डीजे लावून दीडपर्यंत चालवणार. म्हणजे आपण ज्याला 'पब संस्कृती' म्हणून शिव्या देतो तिच्यात संस्कृती थोडी आणि फीचा हिशोब जास्त आहे, असं माझं मत. वय, वेळ, सीसीटीव्ही ह्यावर ग्रुपवर रान उठतं, पण जागा किती मोठी असावी, मालक स्वतः गल्ल्यावर असावा का, ह्यावर कोणी बोलत नाही. मालक समोर असला की कोण किती प्यायलाय हे त्याला ग्लासागणिक माहीत असतं. आमचा मालक सरळ सांगतो, आज तुझं झालं, घरी जा.

ह्याचा अर्थ इथे सगळं छान आहे असं नाही. शुक्रवारी रात्री मोठ्या शहरांत फुटपाथवर ओकणारी पोरं मीही बघतो, दारूपायी मोडलेली घरं इथेही आहेत. मायक्रोपबमध्ये बहुतेक पन्नाशी-साठीचे गोरे पुरुष असतात, माझी बायको पहिल्यांदा आली तेव्हा सगळ्यांनी वळून बघितलं, मग बाकावर सरकून जागा दिली, आता तिच्या चिवड्याची वाट बघतात ते वेगळं. पण एकटी तरुण मुलगी सहज आत शिरेल अशी ती जागा नाही, हे खरंय.

आणि आडवी बाटली करणाऱ्या बायकांना मी इथे बसून काही शिकवणार नाही. आपल्याकडे बायका मतदान मागून गावातलं दुकान बंद करू शकतात, हे मी मालकाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प झाला आणि मग म्हणाला, माझ्या आजीला हे आवडलं असतं. जिथे घरात येणारा पगारच बाटलीत जातो, तिथे फर्किन आणि खुंटीच्या गप्पा मारणं म्हणजे निर्लज्जपणा.

म्हणून ग्रुपवर मी एवढंच म्हटलं की जिथे परमिट रूम आहेतच, तिथे तीनशे फुटांच्या आतल्या, फक्त बिअर-वाइनच्या, म्युझिक नसलेल्या, मालक स्वतः चालवतो अशा जागेला फी अगदी कमी करा आणि निळ्या नोटिशीसारखं शेजाऱ्यांना आधी विचारा. त्यावर कोथरूडवाल्या मित्राचं उत्तर आलं, फी सोड, इथे तीनशे फुटांच्या गाळ्याचं भाडं काय आहे माहितीये का तुला, आणि गाळा मिळालाच तर तो नगरसेवकाच्या मेहुण्याला मिळेल. भाड्याचं त्याचं बरोबर आहे, केंटसारखे ओस पडलेले गाळे कोथरूडला कुठून येणार. मेहुण्याचं म्हणशील तर त्याला पिंपावरचा फेस पुसत उभं राहायला लागलं की तो महिन्याभरात गाळा सोडेल, असं मी लिहिलंय, अजून ब्लू टिक आलेली नाही.