‘नवख्यांनी रॉडला हात लावू नये’: हा सल्ला कुठे चुकतो

जिम लावली की आठवड्याभरात हा संदेश कुणी ना कुणी पाठवतोच. नवीन माणसाने पहिले सहा महिने रॉडने, म्हणजे प्लेटा लावायच्या लोखंडी दांड्याने, स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं) करू नये, गुडघे आणि कंबर कायमची जाते. तोवर मशीनवर हलकं वजन घेऊन वीस-वीस रेप्स (एकाच हालचालीची आवर्तनं) माराव्यात. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं नाही तर व्यायाम लागलाच नाही. आणि मुलींनी रॉडपासून लांब राहावं. सांगणाऱ्याला काळजी असते, हे खरं. पण जी इजा टाळायची, तिचीच तयारी या सल्ल्यातून होते.

“पूर्ण खाली बसलं की गुडघे जातात”

ही भीती जुनी आहे. खोल स्क्वॉटमुळे गुडघ्याचे अस्थिबंध सैल पडतात, असं १९६१ साली टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी मांडलं. नंतरच्या संशोधनात निरोगी गुडघ्यांबाबत तसं आढळलं नाही, पण भीती मात्र जिममध्ये मुक्कामाला राहिली. तालमीतले पैलवान पिढ्यानपिढ्या बैठका पूर्ण खाली जाऊनच मारत आले आहेत.

गुडघा दुखावतो तो वर येताना आत वळल्यामुळे, टाचा उचलल्यामुळे, किंवा न झेपणारं वजन खांद्यावर घेऊन अर्ध्यातूनच परत फिरल्यामुळे. हा शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. अर्धा स्क्वॉट सोपा जातो, म्हणून प्लेटा चढत राहतात आणि शरीराची तयारी मागे पडते.

सुरुवात ६ ते १० किलोचा एक डंबेल छातीशी उभा धरून करा. पाय खांद्याएवढे फाकवा, चवडे थोडे बाहेर ठेवा, गुडघे चवड्यांच्याच दिशेला जाऊ द्या. मांडी जमिनीला समांतर येईपर्यंत बसा. टाचा उचलत असतील तर तात्पुरत्या त्यांच्याखाली पातळ प्लेटा ठेवा. पळायचे मऊ, जाड तळाचे बूट नकोत, सपाट तळाचे हवेत. हे नीट जमलं की रिकामा रॉड घ्या. रॅकचे, म्हणजे रॉड टेकवायच्या चौकटीचे, हुक छातीच्या उंचीवर ठेवा आणि सुरक्षेचे आडवे दांडे तुमच्या सगळ्यात खालच्या स्थितीच्या जरासे खाली लावा. रॉड मानेच्या हाडावर नको, खांद्यांमागच्या मांसल भागावर हवा.

“डेडलिफ्टने मणका सरकतो”

इथे खरी अडचण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटांचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. नवखा माणूस मात्र ५ किंवा १० किलोच्या छोट्या लोखंडी प्लेटा लावतो. रॉड नडगीच्या पार खाली जातो आणि तिथपर्यंत पोचायला पाठ गोल वाकते. दोष उंचीचा असतो, खापर फुटतं व्यायामावर. प्लेटांखाली रबरी मॅट किंवा आडव्या ठेवलेल्या प्लेटा घालून रॉड नडगीच्या मध्यापर्यंत आणा.

मग रॉड पावलाच्या मध्यावर येईल असे उभे राहा. वाकून पकडा, नडग्या रॉडला टेकेपर्यंत गुडघे वाकवा, छाती पुढे काढा. श्वास भरून पोट टणक करा. हिसका न देता आधी हातातला सैलपणा काढा, मग पायांनी जमीन दाबत उठा. कुल्ले आधी वर गेले किंवा रॉड अंगापासून सुटला, की सगळा भार कंबरेवर येतो. असं दिसताच सेट (सलग रेप्सची एक फेरी) तिथेच थांबवा. वर पोचल्यावर मागे झुकायचं नाही.

“आधी सहा महिने मशीन”

मशीन वाईट नाही. लॅट पुलडाउन (वरची दांडी खाली ओढणं) किंवा केबल रोइंग (बसून केबल पोटाकडे ओढणं) पहिल्या दिवसापासून करा. पण मशीनचा मार्ग ठरलेला असतो, तोल सांभाळायचं काम शरीराला उरत नाही. सहा महिन्यांनी पायांत ताकद येते, कौशल्य शून्य असतं. असा माणूस लेगप्रेसवरचा (पायांनी वजन ढकलायच्या मशीनवरचा) आकडा मनात धरून पहिल्याच दिवशी रॉडवर जड प्लेटा चढवतो. ४५ अंशाच्या लेगप्रेसवर १०० किलोच्या प्लेटा असल्या, तरी त्यातला साधारण ७१ किलोचाच भार पायांवर येतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

त्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, हलक्या रॉडने शिका. ऑलिंपिक रॉड २० किलोचा, महिलांचा १५ किलोचा. साध्या जिममधले बारीक रॉड बरेच हलके असतात, म्हणून आपला रॉड एकदा काट्यावर ठेवाच. ६ रेप्सचे तीन सेट करा, दोन रेप्स अजून निघाल्या असत्या अशा टप्प्यावर थांबा, मध्ये २ ते ३ मिनिटं विश्रांती घ्या. तिन्ही सेट ८ रेप्सपर्यंत गेले की दोन्ही बाजूंना सव्वा किलो वाढवा आणि पुन्हा ६ वर या. सलग दोनदा अडलात तर वजन १० टक्क्यांनी उतरवा.

“दुखलं नाही तर लागलं नाही”

दुखणं नव्या हालचालीचं असतं, २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवतं आणि सवय झाली की कमी होतं. प्रगती वहीत मोजा. मात्र अतोनात दुखण्यासोबत लघवी कोलासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायूंची मोडतोड मूत्रपिंडावर बेतू शकते.

“मुलींनी रॉड उचलू नये”

मीराबाई चानू यांनी टोकियोत २०२१ साली ४९ किलो वजनगटात ११५ किलोचा क्लीन अँड जर्क (वजन आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर उचलणं) केला. देहाचं वजन ४९ किलोच्या आत ठेवूनच. महिलांमध्ये टेस्टोस्टेरॉन पुरुषांपेक्षा कितीतरी कमी असतं, त्यामुळे स्नायू एकाएकी फुगत नाहीत. चाळिशीनंतर हाडांची घनता टिकवायला हाच व्यायाम कामी येतो.

या संदेशातली सावधगिरी काही जणांना जरूर लागू आहे. पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत असेल, गुडघा सुजत किंवा अडकत असेल, हर्निया असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टर. रक्तदाब आटोक्यात नसेल तरीही तेच, कारण श्वास रोखून जड वजन उचलताना तो एकदम चढतो.