सी हॉकची एवढ्यावरच बोळवण?

लेख आवडला, पण 'व्हाइट टायगर्स'चा, म्हणजे नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा इतिहास सांगताना निम्मा मजकूर सी हॅरियर या लढाऊ विमानावर आणि त्याआधीच्या सी हॉक विमानाला जेमतेम एक ओळ, हे काही पटलं नाही. १९६० मध्ये ही तुकडी उभी राहिली तीच सी हॉकवर. आणि खरी लढाई या तुकडीने केली तीही त्याच विमानांनी!

१९७१ च्या युद्धात 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाच्या चार बॉयलरपैकी (इंजिनासाठी वाफ करणाऱ्या टाक्यांपैकी) एकाला तडा गेलेला होता, त्यामुळे जहाजाचा वेग कमी. वेग कमी म्हणजे डेकवर समोरून मिळणारा वारा कमी, आणि त्या वाऱ्याशिवाय बॉम्ब-रॉकेटं लादलेलं विमान कॅटापल्टने, म्हणजे डेकवरून विमान जोरात पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेने, हवेत फेकणं म्हणजे जिवाशी खेळ. तरीही ४ डिसेंबरला याच डेकवरून उडून सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं कॉक्स बाजार आणि चितगाव झोडपलं. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं, त्यांचा तरी उल्लेख हवा होता.

हॅरियरचं कौतुक मलाही आहेच. हवेत थांबून अलगद खाली उतरणारं विमान कोणाला आवडणार नाही? पण १९८३ ते २०१६ एवढ्या काळात त्याच्यावर युद्धात हल्ला चढवायची वेळ आली नाही.

आणखी एक. २०१६ मध्ये गोव्यात निरोप मिळाला तो हॅरियरला, स्क्वाड्रनला नाही. व्हाइट टायगर्स आज मिग-२९के ही लढाऊ विमानं उडवतात. लेखाचा शेवटचा परिच्छेद वाचून मात्र तुकडीच मोडीत निघाली असं वाटतं, तेवढं दुरुस्त करा.