रात्री सव्वानऊचा गृहपाठ

गेल्या जानेवारीत घणसोलीला बहिणीकडे दहा दिवस राहिलो. भाची पहिलीत आहे. ताई परळहून ठाण्याला गाडी बदलून साडेआठला घरी पोचते आणि भावोजी महापेला दुसऱ्या पाळीत असतात, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या आणि 'ळ'ची ओळ ही दोन्ही कामे सव्वानऊला एकाच वेळी चालतात. तिसऱ्या 'ळ'ला पोरीचे डोके वहीवर टेकले, तेव्हा ताईने तिचा हात धरून उरलेली ओळ गिरवून घेतली, कारण 'पालकांनी लक्ष द्यावे' हा डायरीतला शेरा तिला पुन्हा नको होता.

आपल्याकडे २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश निघाला, २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा निर्णय गाजला आणि अखेर मागे घेतला गेला. दोन्ही वेळा मी इथून, फिनलंडमधल्या टांपेरेहून, हिरिरीने मते मांडली. मुलाची झोप महत्त्वाची हे मला आजही पटते. मात्र आठ दहाची लोकल गाठणाऱ्या आईने नऊच्या शाळेत मुलाला सोडायचे कोणी, हा प्रश्न तेव्हा मलाही सुचला नव्हता.

फिनलंडमध्ये मूल दुसरी पूर्ण करेपर्यंत आईवडिलांना कामाचे तास कमी करून मागण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि पहिली-दुसरीच्या मुलासाठी आठवड्याचे काम तीस तासांवर आणल्यास सरकार थोडा भत्ताही देते. माझा एक सहकारी अडीच वाजता उठून निघतो, कोणी घड्याळाकडे पाहत नाही. (त्यासाठी कर भरपूर कापला जातो, हाताशी आजी नसते, आणि पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय 'पिसा' चाचणीतले या देशाचे गुणही २००६ नंतर घसरतच गेले आहेत, तेव्हा इथले सगळेच उचलावे असे मी म्हणणार नाही.)

आपला कायदा २६ आठवड्यांची प्रसूती रजा देतो. मूल पहिलीत जाते तेव्हा मात्र तो गप्प असतो. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या तयारीसाठीच्या २०२२ च्या 'पहिले पाऊल' या सरकारी अभियानात मातांचे गट करून घरच्या घरी खेळत शिकवण्याच्या कृती त्यांच्या हाती दिल्या गेल्या, ही दिशा मला योग्य वाटते. ताईला मी अशाच काही कृती सुचवल्या, तर ती म्हणाली, "कसं शिकवायचं ते मला कळतं रे, मला साडेसहाला घरी पोचव." ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांना आणि मुंबईतल्या कचेऱ्यांना पहिली-दुसरीच्या पालकांपुरती लवकर सुटण्याची सक्ती करणे तिसऱ्या भाषेपेक्षा खचितच सोपे आहे, पण ती मागणी घेऊन अजून कोणी मोर्चा काढलेला माझ्या पाहण्यात नाही.